बागेतल्या पाटीची कुळकथा

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाची औषधी बाग १५४५ सालची. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती आणि तिच्यासारखी दिसणारी तोतया यांतला फरक कळावा, हा तिचा हेतू. ओळख चुकली की औषध चुकलं, म्हणून नाव महत्त्वाचं. पण तिथे नाव वाफ्यात नव्हतं, विद्यार्थ्याच्या खिशात होतं. जिरोलामो पोर्रोने १५९१ साली काढलेल्या छोट्या पुस्तकात वाफ्यांचे क्रमांक घातलेले नकाशे होते आणि पुढे कोऱ्या जागा. झाड बघायचं आणि नाव आपल्या हाताने लिहायचं.

शास्त्रीय नावं तेव्हा पाटीवर मावण्याजोगी नव्हतीच. आपल्या चिरबोटीच्या जातकुळीतल्या एका रोपाचं नाव म्हणजे अख्खं वर्णन होतं: वर्षायू, खूप फांद्यांचं, फांद्या कोनदार नि गुळगुळीत, पानं दातेरी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ते दोन शब्दांवर आणलं, फायसॅलिस अँग्युलाटा. माझ्या मते बागेतल्या पाटीवर याहून मोठे उपकार कुणाचे नाहीत.

मग झगडा उरला पावसाशी. लाकूड कुजतं, रंगाचे पोपडे निघतात. शिशाच्या पट्टीवर अक्षरं ठोकली तर टिकत. एकोणिसाव्या शतकात जस्ताचे पत्रे आले आणि त्यांच्यासाठी खास शाई: जंगाल (तांब्यावरचा हिरवा गंज), नवसागर, काजळी आणि पाणी. जस्त जंगालातलं तांबं ओढून घेतं आणि अक्षराच्या जागी काळा थर धरतो. ही शाई धातूशी एकजीव होते, म्हणून धुऊन जात नाही. जंगाल विषारी, तेव्हा बागेत पाट्या लिहिणाऱ्या मुलांच्या हाती ही शाई नको.

मुलांसाठी साधी शिसपेन्सिल उत्तम. तिचं ग्राफाइट म्हणजे कार्बन, त्याला ऊन खाऊ शकत नाही. मार्कर पेनातला रंग मात्र उन्हाने विटतो. जुनाट, खरखरीत झालेल्या जस्तावर पेन्सिलीची अक्षरं वर्षानुवर्षं वाचता येतात.

त्याहून मजेचं काम ॲल्युमिनियमचं. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या मोठ्यांनी कापाव्यात आणि धारदार कडा दुमडून द्याव्यात. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून मुलांनी रिफिल संपलेल्या बॉलपेनाने दाबून लिहावं. नाव पत्र्यातच खोल उतरतं. पाऊस पुसणार काय? अक्षरं वेडीवाकडी आली तरी मोठ्यांनी गिरवू नयेत; मुलं आपलं अक्षर शोधतच वाफ्याकडे धावतात. पाटी झाडाला अडकवायची असेल तर तार सैल ठेवा, नाहीतर खोड जाड होताना ती सालीत रुतते.

आणि पाटी बी टोकतानाच रोवा. काकडी, दोडका, दुधी यांची पहिली दोन पानं इतकी सारखी की जाणत्यालाही पटकन सांगता येत नाही. मागच्या बाजूला पेरल्याची तारीख टाकली, तर किती दिवसांनी उगवलं हे मुलांना स्वतः मोजता येतं.