व्हर्टिकल फ्लाइट सोसायटी
हेलिकॉप्टर व उभे उड्डाण करणाऱ्या अन्य विमानांच्या तंत्रविद्येला वाहिलेली अमेरिकेतील व्यावसायिक संस्था. स्थापना १९४३ मध्ये कनेक्टिकट राज्यात ‘अमेरिकन हेलिकॉप्टर सोसायटी’ या नावाने. सध्याचे नाव २०१८ पासून. वार्षिक परिषद, शोधपत्रिका, ‘व्हर्टिफ्लाइट’ नियतकालिक व विद्यार्थ्यांची अभिकल्प स्पर्धा ही नेहमीची कार्ये. सर्वांत अवघड उपक्रम १९८० मध्ये जाहीर झालेला सिकॉर्स्की पुरस्कार (पहा : सिकॉर्स्की, ईगॉर). अट अशी : केवळ मानवी शक्तीने ६० सेकंद हवेत राहणे, त्यादरम्यान ३ मी. उंची गाठणे आणि १० मी. बाजूच्या चौरसातच थांबणे. १३ जून २०१३ रोजी कॅनडाच्या एरोव्हेलो संघाच्या चार घूर्णकांच्या ‘अ‍ॅटलस’ने ती पूर्ण केली. विद्युत् हेलिकॉप्टरसदृश विमानांची सूचीही संस्था ठेवते (पहा : विद्युत् विमान, हेलिकॉप्टर).