नवे मीटर बसविले. टाकीवरील जुन्या इंधनकाट्याचे काय?

हार्ले-डेव्हिडसनच्या फॅट बॉय, रोड किंग यांसारख्या मोटरसायकलींच्या टाकीवर दोन्ही बाजूंना सारखीच दिसणारी दोन गोल झाकणे असतात. उजव्या झाकणातून पेट्रोल भरले जाते. डावे मात्र केवळ झाकणासारखे दिसते; प्रत्यक्षात तो इंधनकाटा असतो. स्पीडोमीटरच्या जागी इंधनाची पातळीही दाखविणारे डिजिटल मीटर बसविले की हा काटा निरुपयोगी ठरतो आणि त्या जागी साधे, क्रोमचे झाकण लावले जाते. काम किरकोळ वाटते. पण टाकीत किती पेट्रोल उरले, हे नंतर खरे कळेल की नाही, हे याच वेळी ठरते.

काटा कोणत्या प्रकारचा?

नवे झाकण विकत घेण्यापूर्वी जुना काटा ओळखणे आवश्यक आहे. काही जुन्या गाड्यांवर यांत्रिक काटा असतो. त्याच्या झाकणाखालीच दांडी आणि तरंगणारा फ्लोट असतो. तो काढला की टाकी उघडी पडते. अशा ठिकाणी नवे झाकण आट्यांना अचूक बसणारे आणि पेट्रोल न झिरपू देणारे हवे. टाकीत हवा येण्याची वाट याच झाकणातून असेल, तर नवे झाकणही तसेच घ्यावे. हवा आत न आल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिनाला पेट्रोल कमी पडते आणि गाडी चालता चालता बंद पडते.

विजेवर चालणारा काटा निराळा. तो बहुतेक गाड्यांत रबरी गॅस्केटच्या आधारे खोबणीत दाबून बसविलेला असतो. तो पिळून न काढता सरळ वर उचलावा. अन्यथा खालची वायर तुटते. येथे झाकण केवळ शोभेचे असते. टाकीतील पातळी मोजणारा संवेदक मात्र तसाच ठेवावा लागतो, कारण नव्या मीटरला माहिती त्याच्याकडूनच मिळते.

ओहमचा मेळ

फ्लोट वर-खाली झाला की संवेदकाचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून मीटर पातळी दाखविते. मात्र सर्वांचे प्रमाण एक नाही. अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे 240, तर भरलेल्या टाकीला सुमारे 33 ओहम रोध असतो. युरोपातील एका प्रचलित पद्धतीत रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180 ओहम, म्हणजे नेमके उलट. मेळ नसलेले मीटर बसविल्यास रिकामी टाकी भरलेली दिसू शकते. जुना आणि नवा काटा एकाच संवेदकाला जोडल्यास दोन्ही चुकीचे आकडे दाखवितात. म्हणून जुन्या काट्याकडे जाणारी संवेदकाची वायर नव्या मीटरकडे न्यावी आणि उरलेल्या वायरींची टोके नीट झाकून बांधावीत.

ही चूक आज अधिक महागात पडते. जुन्या गाड्यांत पेट्रोल संपत आले की चावी फिरवून गाडी रिझर्व्हला लावता येई. 2007 सालापासून हार्लेच्या सर्व मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले आणि ती सोय गेली. शिवाय टाकीतील पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी वारंवार कोरडी पडल्यास पंपाचे आयुष्य घटते.

काम करताना

बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. त्यामुळे काम मोकळ्या जागेत, ठिणगी आणि विडी-सिगारेटपासून दूर करावे. टाकी निम्म्याहून कमी भरलेली असावी. गॅस्केट चिरलेले असल्यास नवे घालावे. त्याऐवजी साधे सिलिकॉन लावू नये, कारण पेट्रोलने ते फुगते आणि सुटते. देशात आता 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात झाकणाखालून टाकीत पाणी जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी. खोबणीतील पाणी वाहून नेणारी नळी असल्यास ती साफ ठेवावी.

अखेरची परीक्षा

झाकण बसविल्यावर काम संपत नाही. टाकी जवळपास रिकामी असताना पेट्रोल पंपावर दोन-दोन लिटर पेट्रोल घेऊन प्रत्येक वेळी मीटर काय दाखविते, याची नोंद करावी. फॅट बॉयची टाकी सुमारे 18.9 लिटरची आहे. निम्म्या टाकीला मीटर निम्मे दाखवीत नसेल, तर जुळणी पुन्हा तपासावी. तोवर प्रवासाचा हिशेब मीटरवर न सोडता किलोमीटरवर ठेवणे हिताचे.