स्टेज कुणाचे, जंगल कुणाचे?

खानदेशच्या वाङ्मयाचा विषय निघाला की पहिले नाव येते बहिणाबाईंचे, आणि ते योग्यच आहे. असोद्याच्या या अक्षरशून्य शेतकरी बाईची गाणी मुलाने कागदावर उतरवली, १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि मराठी साहित्याने ती डोक्यावर घेतली. परंतु येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ही गाणी कागदावर उतरलीच नसती तर? तर ती साहित्य ठरली नसती. त्याच खानदेशाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या रांगांत, भिल्ल, पावरा, मावची, तडवी आणि बारेला पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. त्यांच्या घरी लिहिणारा मुलगा नव्हता. म्हणून त्यांचे गाणे ‘लोकगीत’ झाले आणि त्यांची जमीन ‘अतिक्रमण’ झाली. या दोन्ही अन्यायांचे मूळ एकच आहे. कागद ज्याच्या हाती, सत्य त्याचे, हा येथला नियम आहे.

हा नियम कसा आला ते पाहू. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. डोंगरातले भिल्ल नाईक वाटांची राखण करीत आणि त्याबद्दल हक्काने वसुली घेत. कंपनीने त्यांना दरोडेखोर ठरवले. १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, तिचे ठाणे पुढे धरणगावला होते. भिल्लाला भिल्लावर सोडण्याची ही नीती. तरीही १८५७-५८ साली खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. बंडे मोडली, आणि त्यानंतर बंदुकीचे काम कायद्याने हाती घेतले. १८७८ च्या वनकायद्याने जंगल ‘राखीव’ केले. कुणासाठी राखीव? इमारती लाकडासाठी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी, सरकारच्या तिजोरीसाठी. मोहाची फुले वेचणारी बाई एका रात्रीत चोर झाली. तिच्या हक्काचा कागद नव्हता, कारण हक्काला कागद लागतो हेच तिच्या समाजाला ठाऊक नव्हते.

मग त्या समाजापाशी काय होते? गायणा होते. पावरा आणि भिलाला समाजात इंदलच्या पूजेला रात्रभर जे गाइले जाते त्यात सृष्टीची उत्पत्ती येते, नर्मदेचा समुद्राकडचा प्रवास येतो. काठीच्या राजवाडी होळीत डोंगराडोंगरांतून माणसे मोरपिसे आणि घुंगरू बांधून येतात, उंच बांबू उभा करतात आणि पहाटेपर्यंत नाचतात. याहा मोगी ही अन्नधान्याची माता. शहरातला पाहुणा याला ‘रंगीबेरंगी संस्कृती’ म्हणतो, फोटो काढतो आणि परततो. वास्तविक हे त्या समाजाचे दप्तर आहे. कोणती नदी कोणाची आई, कोणत्या डोंगरावर कोणता देव, कोणत्या रानातून काय घ्यायचे आणि कधी घ्यायचे नाही, याची नोंद त्यात आहे. फरक एवढाच की हे दप्तर तलाठ्याच्या कपाटात राहत नाही, गळ्यात राहते.

या गळ्यातूनच पुढे संघटना उभी राहिली. १९३८ च्या सुमारास तळोदे भागात गुलाम महाराजांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमू लागले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असा तो उपदेश होता. ज्याला सगळे जग ‘अरे-तुरे’ करते त्याने आपल्या भावाला ‘आप’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. जोहाराच्या जागी ‘जयभीम’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश-मराठवाड्यातील भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. दलिताच्या आणि आदिवासीच्या भुकेची जमीन एकच होती.

पुढचा टप्पा शहाद्याचा. अंबरसिंग सुरतवंती यांना लोक ‘महाराज’ म्हणत, कारण ते भजने गात. सालदाराची वेठ, सावकाराने गिळलेली जमीन आणि बाईच्या अब्रूवरचे हल्ले पाहता पाहता भजनी मंडळाची लढाऊ फळी झाली. १९७१ साली पाटीलवाडीला गोळीबार झाला. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. बायांनी दारूचे गुत्ते फोडले. अंबरसिंग १९७४ साली गेले. त्याच वर्षी आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याला करावा लागला.

याच चळवळीतून वाहरू सोनवणे हा भिल्ल कवी आला. त्यांच्या ‘गोधड’ या संग्रहामुळे मराठीला एक वेगळा आवाज मिळाला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांना अस्वस्थ करून गेली, आणि ती तशी करायलाच हवी. कारण तिचा रोख जमीनदारावर नाही, आदिवासीच्या वतीने बोलणाऱ्या त्याच्या मित्रावर आहे. दुःख एकाचे आणि माईक दुसऱ्याच्या हाती, ही व्यवस्था चळवळीतही टिकून राहते, हे वाहरूंनी दाखवले. सवर्णांनी लिहिलेल्या दलितांच्या कथा वाचून आपणही कधी हाच प्रश्न विचारला होता ना?

त्यानंतर नर्मदा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे गेली. ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. मणिबेलीच्या लोकांनी पावसाळ्यामागून पावसाळे पाण्यासमोर ठाण मांडले. १९९३ साली जागतिक बँकेचे कर्ज थांबले. १९९४ साली ४४ देशांतील संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये म्हणून जाहीरनामा काढला आणि त्याला नाव दिले मणिबेलीचे. ज्या गावाला धड रस्ता नव्हता त्याचे नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर गेले. तेथून जवळच, तळोद्याच्या जंगलाची सुमारे २७०० हेक्टर जमीन विस्थापितांसाठी मोकळी करण्यात आली. ज्यांना ‘अतिक्रमणदार’ म्हटले जाई असे आदिवासी ती आधीपासून कसत होते. पुन्हा भिल्लासमोर भिल्ल उभा केला गेला. १८२५ ची नीती संपली असे कोण म्हणेल? याच काळात काठावरच्या गावांत जीवनशाळा निघाल्या आणि मुले आपल्या बोलीत, आपल्या गाण्यांतून अक्षरे गिरवू लागली. गळ्यातले दप्तर कागदावर येऊ लागले ते येथे, आणि आपल्याच मुलांच्या हाताने.

हा लढा एकट्या सातपुड्याचा नव्हे. ॲमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक काढणाऱ्या मजुरांचा पुढारी चिको मेंडिस १९८८ साली गोळीला बळी पडला. नायजेरियात तेलाने नासलेल्या ओगोनी भूमीसाठी लिहिणारा लेखक केन सारो-विवा याला १९९५ साली फाशी दिले. सत्तेला झाडाची भीती वाटत नाही. झाडाखाली उभा राहून बोलणाऱ्या माणसाची वाटते.

२००६ साली संसदेने वनहक्काचा कायदा केला आणि आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली त्याच्या उद्देशातच दिली. २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत गावातल्या वृद्धांचा जबाब आला. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आली. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या आठवणीला १८७८ साली किंमत नव्हती ती आता कायद्याने पुरावा आहे. गायण्यातला डोंगर आणि होळीतला देव साक्षीला उभा राहू शकतो. तरीही कागद नाही म्हणून दावे फेटाळले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चाच्या झेंड्याखाली आदिवासी ठाण्याहून मुंबईला पायी चालत गेले, त्यात खानदेशातलेही होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हुसकावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगिती द्यावी लागली.

तेव्हा शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यापुढचे काम स्पष्ट आहे. यावल, चोपडा, शिरपूर, अक्राणीच्या पाड्यांवर जाऊन म्हाताऱ्यांचे बोलणे आणि गाणे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच नावाने लिहून घेतले पाहिजे. ते साहित्य म्हणून छापले पाहिजे, आणि ग्रामसभेपुढे पुरावा म्हणून ठेवले पाहिजे. आणि आपल्या संमेलनांत? तेथे आदिवासीला नाचण्यासाठी पुष्कळ वेळा बोलावले. आता अध्यक्षीय भाषणासाठी बोलवा, आणि आपण समोर सतरंजीवर बसून ऐकू या.