मागची पेटी : टूरिंग बाईकवरच्या ट्रंकची गोष्ट

आजचा एपिसोड एका डब्याबद्दल आहे. हसू नका. बाईकच्या मागे, पिलियनच्या पाठीशी जो मोठा बंद डबा असतो ना, कुणी त्याला टॉप बॉक्स म्हणतं, कुणी डिकी, हार्लेवाले टूर-पॅक म्हणतात, तोच. तो तिथे आला कसा? आणि तो काढता-घालता यावा म्हणून लोकांनी एवढी डोकी का लढवली?

विषय सुचला तो आईमुळे. गेल्या हिवाळ्यात तिला गणपतीपुळ्याला न्यायचं होतं. ती म्हणाली, "अरे, बाईकवर येते मी, पण मागे टेकायला काहीतरी हवं." मग मी एका दुकानातून ४५ लिटरचा टॉप बॉक्स आणला. दुकानदार म्हणाला, "ही प्लेट सगळ्या गाड्यांना बसते." बसली. कुंभार्ली घाट उतरताना मात्र मागून आईचा आवाज आला, "अरे, हा डबा हलतोय का रे?" डबा हलत नव्हता. अख्खी बाईकच हलत होती. याच्यावर नंतर येतो, आधी इतिहास.

प्रवाशाचं सामान जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना समतोल लटकवायचं, ही कल्पना फार जुनी आहे. मराठीत त्याला शब्दच आहे, खुर्जी. घोड्याच्या पाठीवर टाकायची दुतोंडी पिशवी. शब्द फारसीतून आला. तशीच आपली पडशी, एक तोंड पुढे, एक मागे. इंग्रजीत बाईकच्या बाजूच्या पेट्यांना पॅनियर म्हणतात. तो फ्रेंच शब्द, अर्थ टोपली, आणि त्याच्या मुळाशी पावासाठीचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे बाजूला सामान लटकवणं हे घोड्याकडून आलं, पाववाल्याकडून आलं. पण मागे, उंचावर, चाकाच्याही पलीकडे पेटी ठेवणं हे कुठल्या घोड्याने सहन केलं नसतं. ही मोटरसायकलची स्वतःची भानगड आहे.

सुरुवातीच्या काळात बाईकवाल्याचं कुटुंब आणि सामान दोन्ही साइडकारमध्ये जायचं. 'शोले'मधली जय-वीरूची गाडी आठवा, त्या पिढीची ती शेवटची खूण म्हणा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात छोट्या स्वस्त कार आल्या, ब्रिटनमध्ये १९५९ साली मिनी आली, आणि साइडकारचा बाजार उतरत गेला. कुटुंब कारमध्ये गेलं. बाईकवर उरले दोघं, आणि त्या दोघांच्या सामानाला जागाच नव्हती.

अमेरिकेत चामड्याच्या बॅगा आधीपासून होत्या. बकलवाल्या, झालरी लावलेल्या, पाऊस आला की आत पाणी. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात केन क्रेव्हन नावाच्या हौशी प्रवाशाने फायबरग्लासच्या पेट्या बनवायला घेतल्या. स्वतः बाईकवरून दूरदूर भटकणारा माणूस होता, त्यामुळे काय भिजतं आणि काय तुटतं हे त्याला माहीत होतं.

फायबरग्लास हा या गोष्टीतला खरा हिरो. आणि इथे हार्ले-डेव्हिडसनचा एक मजेदार धागा आहे. १९६२ साली हार्लेने विस्कॉन्सिनमधल्या टॉमाहॉक इथल्या एका बोटी बनवणाऱ्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. कशासाठी? गोल्फ कार्टसाठी! हार्ले तेव्हा गोल्फच्या मैदानावरच्या छोट्या गाड्या बनवायला निघाली होती आणि त्यांच्या बॉडीला फायबरग्लास लागत होतं. मग त्याच कारखान्याच्या हाताला बाईकच्या बाजूच्या पेट्या, फेअरिंग, ट्रंक असं काम लागलं. म्हणजे आज ज्या टूर-पॅकवर लोक हात फिरवत उभे राहतात, त्याची वंशावळ नावेपर्यंत जाते. पाणी आत येऊ द्यायचं नाही हे बोटवाल्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

१९६५ साली इलेक्ट्रा ग्लाइड आली, बटण-स्टार्टवाली. तिच्यावर विंडशील्ड, बाजूच्या पेट्या, मागची ट्रंक, जादा दिवे असं सगळं चढवलं की तिला 'ड्रेसर' म्हणायचे, सजलेली गाडी. त्याच काळात दुसरीकडे चॉपरवाली पोरं बाईकवरचा एकेक भाग काढून टाकत होती. त्यांनी या सजलेल्या गाड्यांना नाव ठेवलं, 'गार्बेज वॅगन'. कचरागाडी! एका बाजूला सगळं काढणारे, दुसऱ्या बाजूला सगळं लावणारे. हे भांडण लक्षात ठेवा, काढता येणारी ट्रंक याच भांडणातून जन्मली असं माझं मत आहे.

आता १९७५. इकडे 'शोले' लागला, तिकडे होंडाची गोल्ड विंग जीएल १००० रस्त्यावर आली. ९९९ सीसी, चार सिलिंडर आडवे झोपलेले, पेट्रोलची टाकी सीटखाली. लांबच्या प्रवासाला याहून सोयीचं मशीन तेव्हा क्वचितच होतं. आणि त्यावर सामान ठेवायला काय दिलं होतं? काहीच नाही. ना फेअरिंग, ना पेटी. नागडी बाईक.

ही पोकळी भरली बाहेरच्या लोकांनी. त्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे इलिनॉयमधल्या रँटूलचा क्रेग व्हेटर. त्याची विंडजॅमर फेअरिंग १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या महामार्गांवर इतकी दिसायची की ती बाईकचाच भाग वाटावी. पुढे त्याने पेट्या आणि ट्रंकही विकल्या. व्हेटरची हुशारी मला त्याच्या फायबरग्लासमध्ये कमी आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये जास्त दिसते. फेअरिंग एकच, पण ती बसवायचं किट प्रत्येक मॉडेलला वेगळं. होंडाची फ्रेम वेगळी, कावासाकीची वेगळी, तर लोखंड वेगळं द्यायचं, वरचं कवच तेच ठेवायचं. ग्राहकाने बाईक बदलली तरी जुनी फेअरिंग नव्या किटवर बसायची. 'सगळ्यांना बसते' या वाक्याचा हा प्रामाणिक अर्थ. माझ्या दुकानदाराचा अर्थ वेगळा होता.

जर्मनीत साइडकार रेसर माइक क्राउझरने बीएमडब्ल्यूसाठी वेगळा मार्ग काढला. त्याच्या पेट्या बाईकवरून उचलायच्या आणि सुटकेससारख्या हातात धरून थेट हॉटेलच्या खोलीत न्यायच्या. आणि इटलीत ब्रेसिया भागात १९७८ साली जुझेप्पे विझेंझी या माजी ग्रां प्री रेसरने गिवी सुरू केली. नावातली 'गि' आणि 'वि' ही त्याचीच आद्याक्षरं. त्यांच्या मोनोकी प्रणालीचं नावच सांगतं की चावी एक. रॅक तुमच्या मॉडेलचा, त्यावर ठरलेल्या मापाची प्लेट, प्लेटवर पेटी. एक खटका, पेटी हातात.

बघा, रेसिंग करणारी माणसं सामानाच्या पेट्या विकत होती! मला तरी हे नवल वाटत नाही. वेगात बाईक कशी वागते हे ज्याला कळतं, त्यालाच वजन कुठे ठेवू नये हे कळतं.

होंडाला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. १९८० च्या जीएल ११०० बरोबर 'इंटरस्टेट' आली, फेअरिंग, बाजूच्या पेट्या आणि ट्रंक, सगळं कारखान्यातूनच. सामानाच्या पेट्या काढता यायच्या. मग १९८८ साली सहा सिलिंडरची जीएल १५०० आली आणि तिच्यात पेट्या बॉडीतच मिसळून गेल्या. दिसायला अप्रतिम, रिव्हर्सचीही सोय. पण 'चला, आज ट्रंक घरी ठेवू' हा विषय संपला. बाईकचं एकच आयुष्य उरलं, प्रवासाचं.

हार्लेने उलटा विचार केला. १९९४ ची रोड किंग घ्या. तिची विंडशील्ड हत्यार न लावता निघते. सोमवारी ऑफिसला मोकळी, शनिवारी प्रवासाला सजलेली. पुढे हीच कल्पना टूर-पॅकला लागली. बाईकवर चार पक्के बिंदू कायमचे बसवायचे, त्याला डॉकिंग हार्डवेअर म्हणतात. ट्रंकखालच्या रॅकच्या खाचा त्या बिंदूंवर बसतात, खटके फिरवले की पेटी जागेवर. काढायला मिनिटही लागत नाही. चॉपरवाला आणि ड्रेसरवाला, दोघांची भांडणं एकाच बाईकवर मिटली.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी मात्र इथे कान उघडे ठेवा. २००९ साली हार्लेने टूरिंग गाड्यांची फ्रेम नवी केली, २०१४ साली पुन्हा मोठे बदल केले. त्यामुळे डॉकिंग किट २००८ पर्यंतचं वेगळं, २००९ ते २०१३ चं वेगळं, २०१४ नंतरचं वेगळं. पेटी स्वस्तात मिळाली म्हणून उचलायची आणि मग चार बिंदू जुळत नाहीत म्हणून डोकं धरायचं, हे फार जणांचं होतं. आधी बाईकचं वर्ष, मग किट, मग रॅक आणि सगळ्यात शेवटी पेटीचा रंग. आपण नेमकं उलट करतो. शिवाय रॅकही दोन जातींचे. एकटा चालवणाऱ्यासाठी पेटी पुढे सरकवणारा आणि दोघांसाठी मागे ठेवणारा. पेटीला दिवे असतील तर त्यांच्या वायरचा प्लग सहज निघेल अशा जागी आणा. नाहीतर पेटी 'काढता येणारी' आणि वायर न निघणारी!

आता कुंभार्ली घाट. माझ्या डब्याचं वजन आणि आतलं सामान धरून १८ किलो होतं. यात आईने घेतलेला अर्धा किलो लाडवांचा डबाही आला, तो मी तिच्या नावावर टाकत नाही. डब्याचा मध्य मागच्या चाकाच्या आसापासून साधारण ४० सेंटिमीटर मागे. दोन चाकांतलं अंतर १४० सेंटिमीटर. शाळेतली तरफ आठवा. १८ गुणिले ४० भागिले १४०, उत्तर पाचच्या थोडं वर. म्हणजे पुढच्या चाकावरचं पाच किलो वजन या डब्याने उचलून घेतलं आणि मागच्या चाकावर १८ नाही, २३ किलो टाकले. वर आई. पुढचं चाक हलकं झालं की हँडल भिरभिरतं. त्यात पेटी उंच, वारा तिला ढकलणार. आणि ती 'सगळ्यांना बसणारी' प्लेट चार यू-बोल्टवर होती, त्यातले दोन घाटातल्या थरथरीने सैल झालेले.

म्हणूनच मोठ्या कंपन्या टॉप बॉक्सवर साधारण १० किलोची मर्यादा छापतात. पेटी ५० लिटरची असली तरी १० किलोच. गिवीच्या पेट्यांवर ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादाही असते. लोकांना हा विरोधाभास वाटतो. पण पेटी मोठी असते ती हेल्मेट, जॅकेट, अंथरूण अशा फुगीर, हलक्या वस्तूंसाठी. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, कॅमेरा हे खाली, बाजूच्या खुर्जीत. घोड्याचा नियम तिथे अजून लागू आहे.

हेल्मेटवरून आठवलं. २०१८ साली होंडाने गोल्ड विंग नव्याने घडवली, हलकी केली, आणि दोन प्रकार ठेवले, एक बिनट्रंकची, एक ट्रंकची. पण ट्रंकचं माप उतरून ५० लिटरवर आलं. गोल्ड विंगवाले म्हणजे जोडीने फिरणारी माणसं. त्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. २०२१ च्या मॉडेलला होंडाने ट्रंक वाढवून ६१ लिटरची केली, दोन फुल-फेस हेल्मेट मावतील अशी. त्याच वेळी पिलियनची पाठ टेकायची जागाही जास्त कलती आणि आरामाची केली. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही शेवटी मागे बसणाऱ्या व्यक्तीचंच ऐकावं लागलं. माझ्या आईचं वाक्य होंडापर्यंत पोचलं नव्हतं, पण अशी वाक्यं पोचली असणार.

मला तर वाटतं या ट्रंकचा इतिहास सामानापेक्षा पाठीचाच आहे. पुढचा माणूस हँडल धरतो. मागच्याने काय धरायचं? जाहिरातीत लिटर छापतात, पण घरात परवानगी मिळते ती टेकायला गादी आहे म्हणून.

त्या दिवशी आम्ही घाटातच एका टपरीवर थांबलो. टपरीवाल्या काकांकडे पाना होता. बोल्ट आवळले, जड सामान काढून बॅगेत भरलं, बॅग टाकीवर बांधली आणि ताशी ५० ने पुळ्याला पोचलो. परत आल्यावर ती प्लेट भंगारात दिली. माझ्या मॉडेलसाठीच बनवलेला रॅक मागवला, जो मडगार्डच्या पत्र्याला नाही तर थेट सबफ्रेमला बसतो. बसवताना धाग्यांना लॉक करणारं लिक्विड लावलं, पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले आणि प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या मार्करने रेघ मारली. रेघ सरकली म्हणजे बोल्ट फिरला, खाली वाकून एका नजरेत कळतं. खर्च पहिल्या प्लेटच्या चौपट आला.

पेटी आता वर्षातले दहा-बारा दिवस बाईकवर असते. उरलेले दिवस ती माळ्यावर असते आणि तिच्यात आईने पापड-कुरडयांचे डबे ठेवलेत. पुढच्या महिन्यात औंढा नागनाथला जायचंय, म्हणून काल विचारलं, पेटी रिकामी करू का? म्हणाली, "कर, पण गादी सैल झालीये, आधी ती शिवून घे."