प्रकल्प पाच जणांचा, लेखन कुणाचे?

महाविद्यालयातील गटप्रकल्पांविषयी एक जुनी तक्रार आहे. एक विद्यार्थी रात्र जागून अहवाल लिहितो, उरलेले चौघे मुखपृष्ठावर नावे घालतात आणि गुण सर्वांना सारखेच मिळतात. एकाच फाइलवर अनेकांना एकाच वेळी लिहू देणाऱ्या ऑनलाइन साधनांमुळे या तक्रारीची शहानिशा बऱ्याच अंशी शक्य झाली आहे.

ब्राउझरमध्येच लेखन करू देणारे 'रायटली' २००५ मध्ये आले. मार्च २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले आणि त्यातून 'गूगल डॉक्स' घडले. २००८ मधील 'इथरपॅड'ने प्रत्येक लेखकाचा मजकूर वेगळ्या रंगात दाखवला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांचे आहे. सुटीत गोंदियाला गेलेला विद्यार्थी आणि सीताबर्डीत खोली घेऊन राहणारा त्याचा सहकारी यांना आता एकच प्रत पुरते. 'फायनल', 'फायनल दोन' आणि 'खरोखर फायनल' अशा नावांच्या फाइल पेन ड्राइव्हवर फिरवण्याचा काळ अनेकांना आठवत असेल!

मराठी अहवालांत अडचण येते ती टंकाची. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर या साधनांत चिकटवला की अगम्य रोमन अक्षरे उमटतात. त्यामुळे गटातील सर्वांनी आरंभापासून युनिकोडमध्येच लिहिणे आवश्यक ठरते.

शिक्षकांच्या दृष्टीने खरी उपयुक्त गोष्ट म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता परिच्छेद लिहिला वा खोडला, हे त्यात दिसते. अर्थात प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून लिहिले तरच. एकाच्याच खात्यावरून सारे लिहू लागले तर ती नोंद कवडीमोल होते. शिवाय ती फक्त टंकलेखन मोजते. उन्हातान्हात सर्वेक्षण करून आकडे आणणारा विद्यार्थी तिच्या लेखी रिकामटेकडाच ठरतो. केवळ या नोंदीवरून गुण देणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

नकलेचा प्रश्न वेगळाच. २०११ मध्ये पुण्यातील काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा उपक्रम विकिमीडिया फाउंडेशनने राबवला. अनेकांनी पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो शोधून काढताना स्वयंसेवकांची दमछाक झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उपक्रम आवरता घ्यावा लागला. प्रत्येक बदलाची नोंद तिथेही होती. चोरी उघड झाली, टळली मात्र नाही.

नोंद चाळताना दोन पाने मजकूर एका क्षणात अवतरलेला दिसला, तर तो कुठून आणला, हे त्या विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे लागते. त्याने तो आधी वहीत वा दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेला असण्याचीही शक्यता असते.