वजनाचा इतिहास

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या भत्त्याचा कैवार घेतला. 1929 चा कायदा मात्र कारखान्यांपुरता राहिला. भोर तर 1948 पर्यंत संस्थानच होते. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत वाकून भात लावणारी आमची बाई त्याबाहेरच राहिली.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने 1990 नंतरच्या दशकात जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडात 3.5. आईचे कष्ट जितके जड, तितके बाळ हलके. अर्धपोटी गर्भात वाढीची संप्रेरके मंदावतात. स्नायू खुरटतात, चरबी टिकते. अशी मुलगी मोठेपणी वजनाने वाढली, की मधुमेहाचा धोका वाढतो. याला नशीब म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मजुरी कोणी ठरवली? तालुक्याच्या इतिहासात गडांबरोबर ही वजनेही लिहिली पाहिजेत.