प्रोसेसर एक, यंत्रे निराळी



संगणक घ्यायचा म्हटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "यात प्रोसेसर कोणता?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अनेक प्रोसेसर एकत्र जोडलेल्या संगणकांच्या बाबतीत तर तो फारच अपुरा पडतो. याचा बोधप्रद इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे.

१९८० नंतरच्या दशकात भारताने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला होता. मागितलेले यंत्र मिळाले नाही. त्याहून कमी शक्तीचे मिळाले, तेही दिल्लीला हवामानाच्या कामासाठी. मग एका बलाढ्य यंत्राची वाट पाहण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एका कामाला जुंपण्याचा मार्ग आपल्या संस्थांनी धरला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ मध्येच तशी सुरुवात केली होती. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संस्था उभी राहिली.

१९८९ साली इंटेल कंपनीने आय-८६० हा प्रोसेसर बाजारात आणला. त्यात दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तो वापरला, सी-डॅकनेही वापरला, आणि खुद्द इंटेलनेही त्यावर महासंगणक बांधले. तरीही ही यंत्रे एकसारखी झाली नाहीत. असे का झाले?

आपल्या प्रवराकाठचा ऊसतोडीचा फड डोळ्यांपुढे आणा. सर्वांच्या हाती सारखाच कोयता आहे. पण मोळ्या बाहेर नेण्यास एकच वाट असेल, तर चार जणांचे काम सुरळीत चालेल. चाळीस जण आले की वाटेवर खोळंबा होईल. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या हाती मोळी द्यायची ठरवली, तर खोळंबा टळेल. पण दूरच्या माणसाची मोळी अनेक हातांतून जाईल. कोयता तोच, पण कामाची घडी निराळी.

प्रोसेसरांचेही तसेच आहे. भाभा केंद्राच्या 'अनुपम' यंत्राची सुरुवात १९९१ मध्ये चार आय-८६० प्रोसेसर एका सामायिक मार्गावर, म्हणजे 'बस'वर, जोडून झाली. सी-डॅकचा १९९१ चा 'परम ८०००' ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपवर उभा होता. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. पुढे 'परम ८६००' मध्ये आय-८६० आला. आकडेमोड त्याने करायची आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरने. इंटेलच्या १९९० च्या यंत्रात १२८ पर्यंत प्रोसेसर जोडता येत, आणि पूर्ण यंत्रात प्रत्येकाचा सात जणांशी थेट संबंध असे. तिच्याच १९९१ च्या 'डेल्टा' यंत्रात मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी होती.

या विविधतेची किंमत शास्त्रज्ञांना मोजावी लागली. एका प्रोसेसरपुरते गणित सर्वत्र तेच; परंतु काम कसे वाटायचे, निरोप कसा पाठवायचा, हे प्रत्येक यंत्रावर निराळे. त्यामुळे एका यंत्रासाठी कष्टाने लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यासाठी पुन्हा लिहावा लागे. ही अडचण जगभर होती. म्हणूनच १९९४ मध्ये निरोपांच्या देवाणघेवाणीचे 'एमपीआय' हे सामायिक नियम तयार झाले. यंत्रांतील विविधता त्यांनी नष्ट केली नाही. तिच्यावर एक सामायिक भाषा बसवली.

काही वर्षांतच आय-८६० मागे पडला. 'परम ९०००' मध्ये स्पार्क प्रोसेसर आले, 'अनुपम'मध्ये पुढे पेंटियम आले. चिप परदेशी होती. ती आली आणि गेली. पण प्रोसेसर कसे जोडावेत, काम कसे वाटावे, 'पारस'सारखी प्रणाली कशी लिहावी, हे ज्ञान आपल्या माणसांनी स्वतः कमावले होते. ते चिपबरोबर गेले नाही.

तेव्हा पालकहो, मुलाला यंत्र घेऊन देताना त्यावरचे नाव जरूर पाहा. पण त्याहून अधिक, ते यंत्र आतून कसे चालते हे त्याला शिकायला मिळते की नाही ते पाहा. आणि विद्यार्थी मित्रहो, चिप विकत मिळते. तिच्याकडून काम करून घेण्याची विद्या मात्र स्वतःच मिळवावी लागते. ती मिळवण्याचा निश्चय करा.